जपानी उच्चशिक्षणात साहित्य व इतिहास यांच्या आधारे इंग्रजीचे अध्यापन : मेइजी काळापासूनचा एक मागोवा

प्रास्ताविक

जपानवर इंग्रजांचे राज्य कधीच नव्हते. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील सुशिक्षित तरुणांची एक संपूर्ण पिढी इतिहास, भूगोल, गणित, प्राणिशास्त्र यांसारखे विषय इंग्रजी पुस्तकांतून आणि पुष्कळदा इंग्रज वा अमेरिकन अध्यापकांच्या तोंडून शिकली. ही भाषा त्यांच्यावर कोणी लादलेली नव्हती. सरकारने परदेशी अध्यापकांना भरघोस वेतन देऊन ती अक्षरशः विकत घेतली होती, आणि गरज सरताच तिला शिक्षणाच्या माध्यमाच्या स्थानावरून खाली उतरवले. भारतीय वाचकाला हा इतिहास अगदी परिचित आणि त्याच वेळी अगदी अपरिचित वाटतो, तो यामुळेच.

माध्यम बदलले तेव्हा इंग्रजी हा एक 'विषय' उरला. त्या विषयाच्या तासाला ज्या साहित्यकृती आणि जे इतिहासग्रंथ वाचले जात होते त्यांचे पुढे काय झाले, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. साहित्यामुळे भाषा शिकता येते की साहित्य हा भाषा शिकण्यातील अडथळा आहे, असा वाद जपानमध्ये शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तथापि हा वाद काहीसा चुकीच्या जागी उभा आहे असे म्हणण्यास आधार आहे. साहित्य व इतिहास हे जपानी वर्गातून पुष्कळ काळ गेलेच नाहीत. गेले ते वेगळेच : वाचलेल्यावर विद्यार्थ्याने स्वतः इंग्रजीत मत मांडायचे, पुरावा द्यायचा, तुलना करायची, हे काम. विद्याभ्यासाची इंग्रजी म्हणतात ती या कामातूनच घडते.

(या निबंधात जपानी व्यक्तींची नावे तेथील रीतीप्रमाणे आडनाव आधी या क्रमाने दिली आहेत.)

पार्ले, मेकॉले आणि 'रासेलस'

फुकुझावा युकिची (१८३५–१९०१) हे आरंभी डच भाषेचे विद्यार्थी. नागासाकी बंदरातील डच व्यापाऱ्यांखेरीज अन्य युरोपीयांना जपानमध्ये दीर्घकाळ मज्जाव असल्याने पाश्चात्त्य विद्या म्हणजे डच ग्रंथांतील विद्या, असे समीकरणच होते. ओसाका येथे ओगाता कोआन यांच्या शाळेत फुकुझावांनी ही भाषा कष्टाने आत्मसात केली. १८५९ मध्ये ते नव्यानेच खुल्या झालेल्या योकोहामा बंदरात गेले, तेव्हा दुकानांवरच्या पाट्या वाचता येईनात आणि तेथील परदेशी लोकांशी बोलताही येईना. ती भाषा इंग्रजी होती. इतक्या वर्षांचे श्रम वाया गेल्याची खंत बाजूला सारून ते लगेच इंग्रजीच्या मागे लागले. पुढच्याच वर्षी 'कान्रिन मारू' या जहाजातून ते सॅन फ्रान्सिस्कोला गेले, आणि १८६७ च्या दुसऱ्या अमेरिकावारीत त्यांनी पाठ्यपुस्तके मोठ्या संख्येने खरेदी करून आणली. त्यापूर्वी विद्यार्थी एकाच प्रतीवरून नकला करून घेत. आता प्रत्येकाच्या हाती स्वतःची प्रत येऊ शकली. एवढ्या साध्या गोष्टीने वर्गाचे स्वरूप बदलले.

त्यांच्या शाळेला १८६८ मध्ये केइओ गिजुकु हे नाव मिळाले. त्याच वर्षी एदो शहरातील उएनो भागात नव्या सरकारचे सैन्य आणि शोगुनचे पक्षपाती यांच्यात लढाई जुंपली असता फुकुझावा आपल्या वर्गात अमेरिकन लेखक फ्रान्सिस वेलंड यांच्या अर्थशास्त्रविषयक ग्रंथावर व्याख्यान देत होते. तोफांचे आवाज ऐकू येत होते आणि तास चालूच राहिला. केइओ विद्यापीठात हा दिवस आजही स्मरणदिन म्हणून पाळला जातो. ही कथा विद्याप्रेमाची म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. मात्र भाषाशिक्षणाच्या दृष्टीने तिच्यातील लक्षणीय भाग निराळा आहे : हा इंग्रजीचा तास होता की अर्थशास्त्राचा, हा प्रश्न त्या विद्यार्थ्यांना पडलाच नसता. ग्रंथ समजणे म्हणजेच भाषा समजणे होते.

इतिहासाच्या बाबतीत हेच घडले. पीटर पार्ले या टोपणनावाने प्रसिद्ध झालेला जगाचा इतिहास हा मुळात अमेरिकन मुलांसाठी लिहिलेला. जपानमध्ये तो तलवार बाळगणाऱ्या प्रौढ तरुणांचे इंग्रजी क्रमिक पुस्तक झाला. भाषा सोपी आणि आशय सर्वस्वी नवा, असा हा दुर्मीळ संयोग होता. गिझो यांचा युरोपीय संस्कृतीचा इतिहास आणि बकल यांचा इंग्लंडमधील संस्कृतीचा इतिहास हे त्यापुढचे टप्पे. फुकुझावांचा संस्कृतिविषयक सिद्धान्तांची रूपरेषा मांडणारा ग्रंथ १८७५ मध्ये प्रसिद्ध झाला, तो या दोघांच्या वाचनातून उभा राहिलेला असला तरी त्याचा विषय जपान हाच आहे. वाचन इंग्रजीतून, लेखन जपानीतून आणि प्रश्न स्वतःच्या देशाचा, अशी ही घडण होती.

मेकॉले यांचे निबंधही जपानी विद्यार्थ्यांनी मोठ्या प्रमाणावर वाचले. त्यांत क्लाइव्ह आणि वॉरन हेस्टिंग्ज यांच्यावरील निबंध विशेष लोकप्रिय होते. एका आशियाई राष्ट्रातील तरुण दुसऱ्या आशियाई देशाच्या पराभवाची हकीकत जेत्यांच्या शैलीत वाचून इंग्रजी गद्याचे वळण शिकत होते, ही गोष्ट भारतीय अध्यापकाने क्षणभर थांबून ध्यानात घेण्याजोगी आहे. डॉ. जॉन्सन यांचे 'रासेलस' हेही मेइजी काळातील वर्गात वारंवार दिसते. याच कथेचे मराठी रूपांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिले आणि विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले. पुणे आणि तोकिओ येथील दोन वाचकवर्ग एकमेकांना ठाऊक नसताना एकाच अबिसिनियन राजपुत्राच्या मागोमाग चालले होते. पुण्यात ते पुस्तक मराठी गद्याला वळण देण्याच्या कामी आले. तोकिओत ते प्रामुख्याने इंग्रजी वाक्यरचना उलगडण्याचे साधन ठरले.

ही उलगड कशी होई, हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. चिनी अभिजात ग्रंथ जपानी पद्धतीने वाचण्याची एक हजार वर्षांहून जुनी परंपरा तेथे होती. मूळ चिनी वाक्यातील शब्दांशेजारी खुणा करायच्या, त्या खुणांनुसार शब्दांचा क्रम बदलायचा आणि वाक्य जपानी म्हणून वाचायचे. हेच तंत्र इंग्रजीला लावले गेले. प्रत्येक इंग्रजी शब्दाखाली जपानी अर्थ आणि त्याजवळ क्रमांक, असे छापलेली स्वयंशिक्षक पुस्तके बाजारात मिळू लागली. या पद्धतीत उच्चाराला महत्त्व नव्हते. 'समटाइम्स' हा शब्द 'सोमेचिमेसु' असा वाचला जाई, अशा आख्यायिका त्या काळाविषयी सांगितल्या जातात. उच्चाराकडे दुर्लक्ष करून अर्थ काढण्याच्या या मार्गाला 'हेन्सोकु', म्हणजे अनियमित, आणि परदेशी अध्यापकाकडून उच्चारासह शिकण्याच्या मार्गाला 'सेइसोकु', म्हणजे नियमित, अशी नावे होती. अनियमित मार्गाची थट्टा करणे सोपे आहे. परंतु जपानी विद्वत्तेची परिभाषा, म्हणजे समाज, व्यक्ती, अधिकार यांसारख्या कल्पनांना मिळालेले जपानी शब्द, पुष्कळ अंशी याच भाषांतराच्या खटपटीतून स्थिरावली, हेही विसरता येणार नाही.

परदेशी अध्यापकांचा काळ

१८७७ मध्ये तोकिओ विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा तेथील अध्यापकवर्गात परदेशी व्यक्तींचे प्राबल्य होते आणि बहुतेक व्याख्याने इंग्रजीत होत. त्याआधी एक वर्ष होक्काइदो बेटावर साप्पोरो कृषी महाविद्यालय सुरू झाले. मॅसॅच्युसेट्समधून आलेले विल्यम क्लार्क तेथे जेमतेम आठ महिने राहिले, पण त्यांनी घालून दिलेली इंग्रजीतून शिकण्याची रीत टिकली. उचिमुरा कान्झो (१८६१–१९३०) आणि नितोबे इनाझो (१८६२–१९३३) हे या महाविद्यालयाच्या दुसऱ्या तुकडीतील विद्यार्थी. शेतकी शिकण्यासाठी आलेल्या या दोघांनी तेथे बायबल आणि इंग्रजी ग्रंथ यांचे वाचन केले. नितोबेंचा कार्लाइलवरील लोभ तर आयुष्यभर टिकला.

उचिमुरांचे धर्मांतराचे आत्मकथन १८९५ मध्ये, नितोबेंचे 'बुशिदो' १९०० च्या सुमारास आणि तोकिओ विद्यापीठातून बाहेर पडलेल्या ओकाकुरा काकुझो यांचे चहाविषयक पुस्तक १९०६ मध्ये प्रसिद्ध झाले. ही तिन्ही पुस्तके मुळात इंग्रजीत लिहिलेली आहेत आणि तिन्ही परकीय वाचकाला जपानी अनुभव समजावून देतात. जपानी लेखकाने इंग्रजीत केलेला प्रदीर्घ युक्तिवाद इतक्या आत्मविश्वासाने पुन्हा क्वचितच वाचावयास मिळतो. त्या पिढीला इंग्रजीचा वेगळा तास असा फारसा नव्हताच. सगळे तास इंग्रजीचे होते.

याची किंमतही होती. वॉशिंग्टन येथे जपानचे प्रतिनिधी असलेले मोरी आरिनोरी यांनी १८७२ मध्ये येल येथील भाषाशास्त्रज्ञ विल्यम ड्वाइट व्हिटनी यांना पत्र लिहून, नियमित केलेली सोपी इंग्रजी जपानने स्वीकारावी काय, अशी पृच्छा केली. व्हिटनींनी या कल्पनेस पाठिंबा दिला नाही. राष्ट्राचे शिक्षण त्याच्या स्वतःच्या भाषेतूनच व्हावे, असा त्यांचा सल्ला होता. एका अमेरिकन पंडिताने जपानी मुत्सद्द्याला जपानीची थोरवी सांगावी, यात काही विपरीत आहे खरे. पुढे १८८५ मध्ये मोरी शिक्षणमंत्री झाले, पण तोवर परदेशांतून शिकून आलेले जपानी अध्यापक उपलब्ध होऊ लागले होते, आणि त्याच दशकात विद्यापीठातील अध्यापन जपानीकडे वळले. परदेशी अध्यापकांची जागा क्रमाक्रमाने त्यांच्याच विद्यार्थ्यांनी घेतली. इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र विभाग १८८७ मध्ये निघाला, तो नेमका याच संधिकाळात.

एक विद्यार्थी, दोन अध्यापक

या संधिकाळाचा सर्वांत बोलका साक्षीदार म्हणजे कादंबरीकार नात्सुमे सोसेकी (१८६७–१९१६). इंग्रजी साहित्य विभागातून पदवी घेऊन बाहेर पडलेले ते दुसरे विद्यार्थी (१८९३). त्यांना लाभलेल्या दोन स्कॉटिश अध्यापकांची तुलना या निबंधाच्या दृष्टीने मध्यवर्ती आहे.

विभागाचे अध्यापक जेम्स मेन डिक्सन हे परिश्रमी गृहस्थ होते. जपानी विद्यार्थ्यांसाठी त्यांनी इंग्रजी वाक्प्रचारांचा कोश तयार केला होता. त्यांच्या वर्गाचे वर्णन सोसेकींनी १९१४ मधील आपल्या 'माझा व्यक्तिवाद' या प्रसिद्ध व्याख्यानात केले आहे. कविता मोठ्याने वाचायला लावायची, उच्चार चुकला की रागवायचे, निबंधात उपपद गळले की रागवायचे. परीक्षेत वर्ड्स्वर्थचे जन्ममृत्यूचे सन, शेक्सपिअरच्या जुन्या आवृत्त्यांची संख्या आणि स्कॉटच्या ग्रंथांचा कालक्रम विचारला जाई. तीन वर्षे शिकूनही साहित्य म्हणजे काय ते कळले नाही, अशी सोसेकींची तक्रार होती. भारतीय विद्यापीठांच्या जुन्या प्रश्नपत्रिका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वर्णन दूरचे वाटणार नाही. डिक्सन यांच्याविषयी न्याय्य राहायचे तर हेही नोंदवले पाहिजे की, त्यांच्याच सांगण्यावरून सोसेकींनी १८९१ मध्ये कामो नो चोमेइ यांचे तेराव्या शतकातील 'होजोकि' हे चिंतनपर गद्य इंग्रजीत आणले, आणि या अभ्यासातून चोमेइ व वर्ड्स्वर्थ यांच्या तुलनेचा प्रबंध डिक्सन यांनी जपानच्या एशियाटिक सोसायटीपुढे वाचला. विद्यार्थ्याच्या भाषेतील अभिजात कृती इंग्रजीच्या अभ्यासात आणणे ही उत्तम कल्पना होती. तुलना करण्याचे काम मात्र अध्यापकाने स्वतःकडे ठेवले.

दुसरे अध्यापक जेम्स मर्डॉक (१८५६–१९२१). विद्यापीठात जाण्यापूर्वी सोसेकी प्रथम उच्च माध्यमिक विद्यालयात त्यांच्याकडे इंग्रजी आणि इतिहास शिकले. मर्डॉक यांचे स्कॉटिश उच्चार विद्यार्थ्यांना नीट समजत नसत. म्हणजे उच्चारशिक्षणाच्या कसोटीवर हा अध्यापक नापासच. परंतु त्यांच्यासाठी सोसेकींनी १८९० च्या सुमारास लिहिलेला एक इंग्रजी निबंध उपलब्ध आहे, त्याचा विषय 'सोळाव्या शतकातील जपान आणि इंग्लंड'. हे शीर्षक बारकाईने पाहावे. इंग्लंडमध्ये ट्यूडर राजवट स्थिरावत असताना जपान सरंजामदारांच्या अखंड यादवीतून ओदा नोबुनागा आणि तोयोतोमी हिदेयोशी यांच्या एकछत्री सत्तेकडे जात होता. इंग्लंडविषयी विद्यार्थ्याला ग्रंथांतून शिकावे लागणार, पण जपानविषयी तो अध्यापकाला काही सांगू शकतो. परक्या भाषेत लिहिताना तो येथे केवळ परीक्षार्थी उरत नाही. साक्षीदाराच्या जागी बसतो.

हा विषय मर्डॉक यांनी सहज सुचला म्हणून दिला असेल असे वाटत नाही. त्यांचे स्वतःचे जपानच्या इतिहासावरील संशोधन पुढे अनेक खंडांत प्रसिद्ध झाले, आणि त्यांतील प्रथम प्रकाशित झालेला खंड (१९०३) सोळाव्या-सतराव्या शतकांतील जपान व युरोपीय यांच्या संबंधांचा आहे. अध्यापकाच्या मनात जो प्रश्न जिवंत होता त्याच्या शेजारचाच प्रश्न विद्यार्थ्याला मिळाला. १९११ मध्ये सोसेकींनी सरकारने देऊ केलेली डॉक्टरेट नाकारली, तेव्हा या वृद्ध गुरूने त्यांना अभिनंदनाचे पत्र पाठविले. त्यानंतर सोसेकींनी लिहिलेल्या लेखांत मर्डॉक यांच्याविषयीचा आदर स्पष्ट आहे. डिक्सन यांच्याविषयी असे काही त्यांनी लिहिले नाही.

हर्न आणि सोसेकी

लाफ्काडिओ हर्न (१८५०–१९०४) यांचा जन्म ग्रीक बेटावरचा, बालपण आयर्लंडमधले, पत्रकारिता अमेरिकेतली. १८९० मध्ये ते जपानला आले, मात्सुए आणि कुमामोतो येथे इंग्रजी शिकवू लागले, आणि १८९६ मध्ये कोइझुमी याकुमो या नावाने जपानी नागरिक झाले. कुमामोतोच्या वर्गाविषयी त्यांनी १८९५ च्या पुस्तकात लिहिले आहे. इंग्रजी कादंबऱ्यांत प्रेम आणि विवाह यांविषयी इतके का लिहिलेले असते, असे विद्यार्थ्यांनी त्यांना विचारले. ज्या समाजात आईवडिलांविषयीचे कर्तव्य पत्नीप्रेमाच्या वर मानले जाते, तेथील मुलांना ही गोष्ट चमत्कारिक वाटणारच. हर्न यांनी हा प्रश्न अज्ञान म्हणून झटकला नाही. त्यातून पौर्वात्य व पाश्चात्त्य भावजीवनातील अंतराचा शोध घेतला. निबंधासाठीही ते असे विषय देत की ज्यांचे उत्तर पुस्तकात सापडू नये, उदाहरणार्थ माणसे सर्वांत दीर्घकाळ काय स्मरणात ठेवतात किंवा साहित्यात चिरंतन असे काय असते.

१८९६ ते १९०३ या काळात तोकिओच्या साम्राज्य विद्यापीठात त्यांनी दिलेली व्याख्याने विद्यार्थ्यांनी शब्दशः उतरून घेतली. ते टिपणांशिवाय, संथ लयीत, साध्या वाक्यांत बोलत. हर्न यांच्या मृत्यूनंतर कोलंबिया विद्यापीठातील जॉन अर्स्किन यांनी या वह्यांवरूनच १९१५ पासून ग्रंथ संपादित केले. परक्या भाषेत इतकी अचूक श्रुती घेणारा विद्यार्थिवर्ग आणि त्याला ते जमेल अशा गतीने बोलणारा अध्यापक, दोघेही असामान्य. ग्रीक पुराणे आणि बायबल यांच्या अपरिचयामुळे इंग्रजी कविता कळत नाही हे जाणून त्यांनी त्या विषयांवरही व्याख्याने दिली. इंग्रजी साहित्याचा उपयोग विद्यार्थ्यांनी अखेर स्वतःच्या भाषेत नवे साहित्य निर्माण करण्यासाठी करावा, अशी त्यांची धारणा होती. तथापि या वर्गात विद्यार्थी ऐकत आणि लिहून घेत. प्रत्युत्तर देत नसत.

१९०३ मध्ये हर्न यांना जावे लागले. त्यांच्या तासांची वाटणी झाली आणि एक वाटा सोसेकींना मिळाला. विद्यार्थ्यांनी हर्न यांच्यासाठी केलेली चळवळ ताजी होती. सोसेकी नुकतेच लंडनहून परतले होते. सरकारने त्यांना १९०० मध्ये पाठविले ते इंग्रजी साहित्यासाठी नव्हे, इंग्रजी भाषेच्या अभ्यासासाठी. युनिव्हर्सिटी कॉलेजमधील केर यांची व्याख्याने त्यांनी काही काळ ऐकली, शेक्सपिअरचे संपादक क्रेग यांच्याकडे खासगी शिकवणी घेतली, आणि उरलेला काळ भाड्याच्या खोलीत पुस्तकांच्या ढिगात काढला. चिनी अभिजात वाङ्मयाचा आनंद आपण लहानपणी घेतला तसा इंग्रजीचा का घेता येत नाही, हा प्रश्न त्यांना छळत होता. भाषेचे ज्ञान दोहोंत फारसे कमीजास्त नाही. मग आस्वादात अंतर का? दोन्हीकडे 'साहित्य' या एकाच नावाखाली दोन निराळ्या वस्तू असाव्यात, असे त्यांना वाटू लागले.

या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्यांनी १९०३ ते १९०५ या काळात दिलेली व्याख्याने 'बुन्गाकुरोन', म्हणजे साहित्यसिद्धान्त, या नावाने १९०७ मध्ये प्रसिद्ध झाली. साहित्याचा आशय म्हणजे जाणिवेच्या केंद्रस्थानी असलेली कल्पना आणि तिला चिकटलेली भावना यांची बेरीज, असे बीजगणिती सूत्र त्यांनी मांडले. हर्न यांच्या भावमधुर श्रुतिलेखनाची सवय असलेल्या विद्यार्थ्यांना हे रुक्ष विश्लेषण रुचले नाही. 'सायलस मार्नर' वाचायला घेतल्यावर तर हे पुस्तक आपल्या पायरीचे नाही अशी कुरकूर झाली. 'मॅकबेथ'वरील तासांना मात्र पुढे वर्ग भरून जाऊ लागला. यात विद्यार्थ्यांचा दोष काढण्याचे कारण नाही. पण सूत्रामागचा हेतू त्यांना तेव्हा दिसला नसावा. इंग्रज समीक्षकाचे मत पाठ करून ते स्वतःचे म्हणून मिरवणे सोसेकींना अप्रामाणिक वाटत होते. जपानी वाचकाला स्वतःच्या संवेदनेवर उभे राहून इंग्रजी कृतीविषयी बोलता यावे, यासाठी मानसशास्त्राची भूमी त्यांना हवी होती. त्यांची दुसरी व्याख्यानमाला, अठराव्या शतकातील इंग्रजी साहित्यावरची, १९०९ मध्ये ग्रंथरूप झाली. ती अधिक वाचनीय आहे. तीत अॅडिसन, स्विफ्ट, पोप, डिफो यांच्याकडे वळण्यापूर्वी त्या शतकातील तत्त्वज्ञान, राजकारण, लंडनची कॉफीगृहे आणि करमणुकी यांचे विस्तृत वर्णन येते. परक्या वाचकाच्या हाती न्याय करण्याचे साधन काय, तर इतिहास, हे सोसेकींनी येथे कृतीने दाखविले आहे.

सोसेकींनी १९०७ मध्ये विद्यापीठ सोडले आणि ते 'आसाही' वृत्तपत्रात गेले. हा प्रयोग चालविणारा दुसरा कोणी त्या विभागात उरला नाही.

१९११ : घसरणीचा अर्थ

विद्यार्थ्यांचे इंग्रजी खालावले आहे, ही ओरड जपानमध्ये १९११ मध्येही होती. भाषाशिक्षणावरील एका लेखात सोसेकींनी तिचे जे विवेचन केले ते आजही अंगावर येते. त्यांच्या विद्यार्थिदशेत सर्व विषय इंग्रजीतून शिकविले जात, म्हणून इंग्रजी चांगले होते. आता ते जपानीतून शिकविले जातात, म्हणून इंग्रजी कच्चे झाले. ही घसरण म्हणजे जपानी शिक्षण स्वतःच्या पायावर उभे राहिल्याची स्वाभाविक परिणती होय, आणि तिच्याविषयी हळहळ करण्याचे कारण नाही. सामान्य विषय इंग्रजीतून शिकणे हा एक प्रकारचा अपमान असून, त्यात आपण इंग्रजांच्या ताब्यातील हिंदुस्थानासारखे असल्याची भावना होते, असेही त्यांनी लिहिले. राष्ट्रीयत्वाचा सौदा इंग्रजीच्या ज्ञानाशी होऊ शकत नाही, ही त्यांची भूमिका होती.

भारताच्या उल्लेखातील बोच बाजूला ठेवली तरी या विवेचनात एक उणीव राहते. माध्यम बदलल्याने भाषेशी असलेला तासांचा संबंध कमी झाला, हे खरे. पण मर्डॉक यांच्या वर्गातील निबंध केवळ तासांच्या संख्येमुळे लिहिला गेला नव्हता. तो लिहायला सांगितला गेला म्हणून लिहिला गेला. जपानीने माध्यमाची जागा घेणे योग्यच होते, आणि त्यानंतरही इंग्रजीच्या मर्यादित तासांत असा निबंध मागता आला असता. तो मागण्याचे थांबले, याचे कारण राष्ट्रीय स्वातंत्र्यात शोधण्यापेक्षा अध्यापनाच्या रीतीत शोधावे लागते.

टीपा, परीक्षा आणि संवाद

त्याच वर्षी तोकिओच्या उच्च अध्यापक विद्यालयातील ओकाकुरा योशिसाबुरो यांचे इंग्रजी शिक्षणावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. इंग्रजीचे व्यावहारिक मूल्य आणि सांस्कृतिक मूल्य असा भेद त्यांनी केला, आणि हा भेद पुढच्या सर्व वादांची चौकट बनला. १९२१ पासून केन्क्युशा प्रकाशनाने ओकाकुरा आणि इचिकावा सान्की यांच्या संपादनाखाली इंग्रजी अभिजात ग्रंथांची सटीप मालिका काढली. मूळ संहिता इंग्रजीत आणि टीपा जपानीत. या टीपांतील व्यासंग थक्क करणारा आहे. तथापि सटीप आवृत्ती हे वाचकाला शंका फिटवून देणारे साधन आहे. शंका उपस्थित करण्याचे शिक्षण त्यातून मिळेलच असे नाही.

त्सुदा उमेको यांचे उदाहरण थोडे वेगळे. १८७१ मध्ये वयाच्या सातव्या वर्षात अमेरिकेला पाठविलेल्या या मुलीने १९०० मध्ये दहा विद्यार्थिनींसह महिलांसाठी इंग्रजी विद्यालय सुरू केले. विद्यापीठाची दारे बंद असलेल्या स्त्रियांना अध्यापिकेचा परवाना मिळवून देणारी इंग्रजी तेथे शिकविली जाई. म्हणून ती वाचता, बोलता आणि लिहिताही यावी लागे. गरज खरी असली की पद्धत आपोआप बदलते, याचे हे उदाहरण म्हणता येईल.

१९२२ मध्ये निमंत्रणावरून आलेले हॅरॉल्ड पामर यांनी मौखिक पद्धतीचा पुरस्कार केला, तर एडमंड ब्लंडन आणि विल्यम एम्पसन यांच्यासारखे कवी विद्यापीठांतून साहित्य शिकवीत राहिले. युद्धकाळात इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरली. १९४५ नंतर ती परतली ती मुख्यतः प्रवेशपरीक्षेच्या वाटेने. सॉमरसेट मॉम आणि बर्ट्रांड रसेल यांचे उतारे भाषांतरासाठी येऊ लागले. रसेल यांच्याशी सहमत व्हावे की नाही, हे मात्र प्रश्नपत्रिका विचारीत नसे.

१९७४ मध्ये संसद सदस्य हिराइझुमी वातारू यांनी, सर्वांना सक्तीने इंग्रजी शिकविण्याऐवजी लोकसंख्येच्या सुमारे ५ टक्के लोकांना ती खरोखर वापरता येईल इतकी शिकवावी, असे सुचविले. सोफिया विद्यापीठातील इंग्रजीचे अभ्यासक वातानाबे शोइची यांनी १९७५ मध्ये त्याचा प्रतिवाद केला. भाषांतराने होणारे वाचन हे बुद्धीचे शिक्षण आहे आणि त्या झटापटीत विद्यार्थी स्वतःच्या भाषेविषयी सजग होतो, असा त्यांचा मुद्दा होता. वातानाबेंचा मुद्दा पोकळ नाही, कारण चिनी ग्रंथांपासून चालत आलेल्या परंपरेचे बळ त्यामागे आहे. पण दोघांच्याही मांडणीत, विद्यार्थ्याने इंग्रजीत काय म्हणायचे, या प्रश्नाला जागा दिसत नाही.

१९९१ मध्ये विद्यापीठांवरील नियम शिथिल झाले आणि अनेक ठिकाणी सामान्य शिक्षणाचे विभाग मोडले गेले. त्याबरोबर इंग्रजीच्या वर्गातील साहित्यही झपाट्याने कमी झाले. त्याच्या जागी 'संवाद' आला. कादंबरीतील उतारा जाऊन विमानतळावरचे संभाषण आले, आणि विद्यार्थ्यापाशी सांगण्यासारखे काही आहे, ही शक्यता दोहोंतही दुर्लक्षित राहिली. तोकिओ विद्यापीठाच्या कोमाबा परिसरात १९९३ मध्ये प्रथम वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी एक समान वाचनग्रंथ सिद्ध झाला. इतिहास, कला, विज्ञान अशा विविध विषयांवरील विचारप्रवर्तक मजकूर पुन्हा इंग्रजीच्या तासाला आणण्याचा तो प्रयत्न होता. २००८ मध्ये त्याच परिसरात विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी लेखनाचा सक्तीचा अभ्यासक्रम सुरू झाला. तीत विद्यार्थी स्वतः लहानसा प्रयोग करतो आणि त्याचा शोधनिबंध इंग्रजीत लिहितो. मानव्य शाखेच्या विद्यार्थ्यांना अशाच स्वरूपाचा अभ्यासक्रम २०१३ मध्ये मिळाला.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रयोग करायला सांगणे तुलनेने सोपे. साहित्य आणि इतिहास यांच्या विद्यार्थ्याच्या हाती त्या जोडीचे काय द्यावे, याचा विचार करताना १८९० च्या सुमाराची ती उत्तरपत्रिका काढून पाहण्यासारखी आहे. तिच्या शीर्षकात दोन देश आहेत, आणि त्यांपैकी एक विद्यार्थ्याचा आहे.